फुकटचे कार्टून, नकली छापा आणि आपला धंदा

इतवारी, गांधीबाग आणि मोमिनपुऱ्यातील कपड्याच्या दुकानांत गेल्या काही वर्षांत एक नवा माल दिसू लागला आहे. काळा किंवा पांढरा टी-शर्ट, आणि त्यावर उभ्या केसांचा, मोठ्या डोळ्यांचा एखादा जपानी पोरगा छापलेला. हा माल मागणारी गिऱ्हाईके शाळा-कॉलेजातील मुले आहेत. ती नुसता "कार्टूनचा टी-शर्ट" मागत नाहीत. नारुतो, लुफी, गोकू अशी नावे घेऊन मागतात, आणि दुकानदाराला नाव कळले नाही तर पुढच्या दुकानात जातात.

जपानमध्ये तयार होणाऱ्या या चित्रमालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. आपल्या व्यापारी बांधवांना वाटेल की हा पोरांचा शौक आहे, त्याचा धंद्याच्या पानावर काय संबंध? संबंध दोन ठिकाणी येतो. घरात मुलगा जी मालिका पाहतो ती पैसे देऊन पाहतो की इंटरनेटवरून चोरवाटेने फुकट उतरवतो, हा पहिला प्रश्न. आणि आपल्या दुकानात टांगलेला छापा परवान्याचा आहे की उचललेला, हा दुसरा. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत, आणि त्यांचे उत्तर शेवटी आपल्या मागावरच्या नक्षीपर्यंत येऊन पोहोचते.

सजीवांची चित्रे असलेले कपडे घालावेत की नाही, ते घालून नमाज पढावी की नाही, हा मसला वेगळा आहे. तो ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारावा. येथे आम्ही फक्त हक्काविषयी लिहीत आहोत.

फुकट उतरवण्याची सुरुवात

मुले फुकट का उतरवतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत १९८० आणि १९९० च्या दशकांत जपानी मालिका दुकानांत फारशा मिळत नसत. तेव्हा तेथील काही शौकीन जपानमधून व्हिडिओ कॅसेट मागवत, स्वतः भाषांतर करून चित्राखाली ओळी टाकत आणि टपालाने एकमेकांना पाठवत. त्या कॅसेटवर ही विक्रीसाठी किंवा भाड्याने देण्यासाठी नाही, अशी सूचनाही घातलेली असे. त्यांच्यात एक अलिखित दस्तूर होता. एखाद्या कंपनीने त्या मालिकेचे हक्क रीतसर घेतले, की शौकिनांनी आपले वाटप थांबवायचे. सगळ्यांनीच तो पाळला असे नाही, पण दस्तूर होता. पुढे इंटरनेट आले, मालिका टॉरेंटने उतरवता येऊ लागल्या. त्यानंतर चोरीच्या मालिका दाखवून जाहिरातींवर कमाई करणारी संकेतस्थळे निघाली. त्यांना कोणताही दस्तूर राहिला नाही. शौक मागे पडला आणि दुसऱ्याच्या मालावर गल्ला भरण्याचा धंदा उभा राहिला.

आपल्याकडेही कहाणी फार वेगळी नाही. 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' टीव्हीवर हिंदीतून आले आणि घराघरांत पोहोचले. मोठ्या मुलांच्या मालिकांसाठी २००४ मध्ये 'ॲनिमॅक्स' ही वाहिनी भारतात सुरू झाली, पण ती टिकली नाही. ज्या मालिकेचे पुढचे भाग पाहायचे, ती ना टीव्हीवर, ना दुकानात. अशा वेळी नागपूरच्या मुलाने ती उतरवली, तर तो चोरीच्या इराद्यानेच निघाला होता असे म्हणता येणार नाही. बाजारात माल नव्हता. ज्या गावात अस्सल कॅसेट पोहोचत नव्हती, तेथे नकली कॅसेट विकली जात होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

माल आला तेव्हा

आता परिस्थिती बदलली आहे, आणि ती कशी बदलली हे व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारखे आहे. जपानी दिग्दर्शक माकोतो शिन्काई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट भारतातही प्रदर्शित करावा, म्हणून येथील तरुणांनी २०१९ मध्ये अर्ज केला. त्यावर पन्नास हजारांहून अधिक सह्या जमल्या. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला तो भारतातील चित्रपटगृहांत लागला आणि दिग्दर्शक स्वतः येथे येऊन गेले. म्हणजे फुकट उतरवता येणारी मुलेच तिकिटाचे पैसे घेऊन दाराशी उभी होती. 'आम्हाला विका' असे गिऱ्हाईक लेखी सांगते, असे भाग्य कापड बाजारात कोणाला लाभते?

पुढे २०२२ मध्ये 'क्रंचीरोल' या कंपनीने भारतासाठी आपला महिन्याचा दर शंभर रुपयांच्या आत आणला आणि हिंदी आवाजातील मालिकाही देऊ लागली. 'म्यूझ एशिया'सारख्या परवानाधारकाने अनेक मालिका यूट्यूबवर रीतसर आणि फुकट दाखवल्या. १२ सप्टेंबर २०२५ रोजी 'डीमन स्लेअर' मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात लागला. तो जपानीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही होता, आणि पहाटेचे खेळही भरले.

यातून धंद्याचा एक साधा नियम दिसतो. अस्सल माल वेळेवर, परवडणाऱ्या दरात आणि गिऱ्हाइकाच्या भाषेत पोहोचला, तर बहुतेक गिऱ्हाईक अस्सलाकडे वळते. आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माल मिळत नव्हता तोवर जी सबब होती, ती माल मिळू लागल्यावर उरत नाही. ज्या मालिकेचा परवाना भारतात आहे, ती चोरीच्या जागेवरून उतरवणे आता मजबुरी नाही. आपल्या मुलांना हे समजावून सांगितले पाहिजे. नुसते रागावून भागणार नाही. रीतसर मालिका कोठे आणि किती रुपयांत मिळते, हे बापाला माहीत असावे.

कारागिराला काय मिळते?

यावर मुले एक हुशार सवाल करतात. "आम्ही पैसे दिले तरी ते चित्र काढणाऱ्याला कुठे मिळतात?" हा सवाल खोटा नाही. पडद्यावर दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवले, तरी सेकंदाला आठ-बारा चित्रे लागतात. मुख्य चित्रांच्या मधली चित्रे काढणाऱ्या नवशिक्या कारागिराला जपानमध्ये नगावर मजुरी मिळते. एका चित्राला साधारण २०० येन, असा दर तेथे वर्षानुवर्षे चर्चेत आहे. मालिकेत भांडवल घालणाऱ्या कंपन्यांचे मंडळ असते, आणि नफा बहुतेक त्या मंडळाकडे जातो.

ही व्यवस्था विणकर बांधवांना नवी वाटणार नाही. सूत देणारा एक, माग चालवणारा दुसरा, साडी विकणारा तिसरा, आणि मजुरी नगावर. पण म्हणून गिऱ्हाइकाने साडी उचलून न्यावी आणि पैसे देऊ नयेत, असे कोणी म्हणेल काय? विक्री बसली की शेटचा बंगला विकला जात नाही, आधी विणकराचा दर तुटतो. मजुरी वाढवण्याची लढाई वेगळी आहे, ती लढलीच पाहिजे. मालाचे मोल बुडवून ती जिंकता येत नाही.

शरीअत आणि कायदा

काही बांधव म्हणतात, चित्र काही गहू-ज्वारी नव्हे, नक्कल केली तर मूळ मालकाचे काय कमी होते? पूर्वीच्या काही उलेमांचे मतही असे होते की लेखनाचा किंवा कल्पनेचा हक्क ही विकण्याची वस्तू नाही. पण जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील पाचव्या अधिवेशनात या प्रश्नाचा विचार केला. ठराव क्रमांक ४३ मध्ये अकादमीने व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांचे हक्क शरीअतने संरक्षित मानले आणि त्यांवर अतिक्रमण जायज नाही असे ठरवले. कारण आजच्या उर्फमध्ये, म्हणजे रिवाजात, या हक्कांना माली किंमत आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढल्याची हदीस आपणा सर्वांना माहीत आहे. नकली छापा अस्सल म्हणून विकणे हा त्याच ढिगाचा प्रकार आहे.

देशाचा कायदाही स्पष्ट आहे. भारत आणि जपान दोघेही बर्न कराराचे सदस्य असल्याने जपानी चित्राला येथे संरक्षण आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून भंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'निट प्रो' प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले. याचा अर्थ पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. कलम ६४ खाली फौजदार दर्जाचा अधिकारी माल जप्त करू शकतो. छापा मारणारा कारखाना परगावी असतो, जप्तीचा माल मात्र चिल्लर दुकानदाराच्या फळीवरचा असतो. पक्के बिल नसेल तर तो कोणाकडे बोट दाखवणार?

आपल्या नक्षीचे काय?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. नागपूर-कामठीच्या मोमिन विणकरांची तक्रार जुनी आहे की हातमागावर महिनोन्‌महिने डोके लावून काढलेली किनार आठवडाभरात यंत्रमागावर येते आणि निम्म्या भावाने विकली जाते. याच तक्रारीतून हातमागासाठी वाण राखून ठेवणारा १९८५ चा कायदा झाला आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. अंमलबजावणी किती होते, हे बाजारात दिसतेच. पण जपानी कारागिराचे चित्र विनापरवाना विकणाऱ्या आपल्या तोंडी ही तक्रार शोभेल काय? माप घेण्याचे एक आणि देण्याचे दुसरे ठेवणाऱ्यांविषयी कुरआनात 'मुतफ्फिफीन' ही एक सूरत आहे, हे विसरू नये.

मालेगावचे उदाहरण घ्या. त्या यंत्रमागाच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' हा विनोदी चित्रपट काढला. माग चालवणारे कामगार नट झाले, पैसा थोडा, सामान साधे. कल्पना मोठ्या चित्रपटाची होती, पण चेहरे, बोली आणि मेहनत गावाची. फैज़ा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट देशभर लागला. लोकांनी मालेगावचे नाव घेतले ते त्याच्या स्वतःच्या करामतीसाठी.

आपल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

पहिली, कार्टूनचा छापा घेताना ठोक विक्रेत्याकडे परवान्याचा कागद आणि पक्के बिल मागावे. परवान्याच्या मालावर हक्कधारकाचे नाव असते. परवाना घेणारा किमान हमीची रक्कम आणि विक्रीवर रॉयल्टी भरतो, म्हणून तो माल महाग असतो. फारच स्वस्त मिळाला तर समजून घ्यावे.

दुसरी, आपली नवी नक्षी बाजारात आणण्यापूर्वी डिझाइन कायदा २००० खाली नोंदवावी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदता येण्याजोगी पण न नोंदलेली नक्षी पन्नासपेक्षा जास्त नगांवर उतरली की तिचा कॉपीराइट संपतो. एका अमेरिकन कंपनीने सोफ्याच्या कापडावरील नक्षीसाठी दावा केला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये याच कारणाने तो मान्य केला नाही. नोंदणी दहा वर्षे चालते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. आपले किती वाण पन्नास नगांनंतर बेवारस झाले असतील, याचा विचार करावा.

तिसरी, चित्रकला जाणणारी मुले आपल्या मोहल्ल्यांत आहेत. जपानी चित्रे पाहून त्यांचा हात बसला आहे. त्यांच्याकडून स्वतःचे छापे काढून घ्यावेत, त्यांना मोबदला द्यावा आणि कापडावर त्यांचे नाव छापावे. उद्या इतवारीत पोरांनी त्यांचीही नावे घेऊन टी-शर्ट मागावेत. त्या विक्रीत धाकही नाही, आणि इन्शाअल्लाह बरकत आहे.