बागेतले सौर कारंजे: पॅनेल उन्हात, पाणी सावलीत

झाशीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, लू वाहते आणि पाखरे पाणी शोधत अंगणात येतात. अशा वेळी बागेत सौर कारंजे लावावे का? बुंदेलखंडासारख्या पाणीटंचाईच्या भागात ते शोभेल का? आज हेच पाहू.

कारंज्याला हवा असतो पाण्याचा दाब. पूर्वी तो उंचीवरून मिळवत. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते. आपल्या बागेत तेवढी उंची नसते, म्हणून छोटा पंप दाब देतो आणि पॅनेल त्याला वीज पुरवते. बॅटरी नसेल तर ढग आला की धार बसते. तो बिघाड समजू नका.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात पॅनेल पाण्यावर तरंगते. ते चालवायचे तर कुंड भर उन्हात ठेवावे लागते आणि पाणी तापते. दुसऱ्यात पॅनेल वेगळे असून वायरने पंपाला जोडलेले असते. आपल्याकडे दुसरा प्रकार घ्यावा. कुंड कडुलिंबाखाली आणि पॅनेल मोकळ्या उन्हात.

मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पॅनेल दक्षिणेकडे जेमतेम दहा अंश कलते ठेवा, हिवाळ्यात ते अधिक उभे करा. कडक उन्हात वीजही जास्त मिळेल असे वाटते. पण पॅनेल 25 अंशांच्या वर तापले की दर अंशामागे साधारण 0.4 टक्के शक्ती घटते. 65 अंशांना ही घट 16 टक्के होते. त्यामुळे पॅनेलखाली हवा खेळू द्या आणि धूळ सकाळी, काच थंड असताना पुसा.

खोक्यावर पंपाचा जास्तीत जास्त प्रवाह आणि जास्तीत जास्त उंची छापलेली असते. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल उंचीला प्रवाह शून्य झालेला असतो. म्हणून गरजेच्या दुप्पट उंचीचा पंप घ्या.

आता पाण्याचा हिशेब. 60 सेंटीमीटर व्यासाच्या कुंडातली पातळी दिवसाला एक सेंटीमीटर उतरली, तर सुमारे तीन लिटर पाणी जाते. धार उंच उडवली की वारा त्याहून अधिक पाणी बाहेर फेकतो. बारीक फवाऱ्याची तोटी काढून टाका. धार वितीपेक्षा कमी ठेवा, नुसती खळखळ पुरे. पाणी आटून पंप कोरडा चालला तर तो जळतो, म्हणून रोज सकाळी पातळी पाहा.

शेवटचा मुद्दा आरोग्याचा. वाहत्या पाण्यात डास होत नाहीत, या भरवशावर राहू नका. सूर्य मावळला की हे पाणी रात्रभर साचलेलेच असते. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठ-दहा दिवस घेतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी कुंड रिकामे करा, कडा घासा, पंपाची जाळी धुवा. काढलेले पाणी झाडांना घाला.

पाखरांसाठी कुंडात एक खडबडीत दगड ठेवा. त्याचा माथा पाण्याच्या जेमतेम वर हवा, म्हणजे चिमणीलाही उभे राहता येईल. एवढी शिस्त पाळता येत असेल तर कारंजे जरूर लावा. नसेल, तर रोज घासून भरलेले मातीचे परळ पाखरांना तितकेच चालते.