फेणीच्या भट्टीवर

मुक्ताईच्या गावात दारूच्या भट्टीविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना रुचणार नाही. माळकऱ्यांचा हा मुलूख. आणि दारूने उठलेली घरे आम्हीही पाहिली आहेत. परंतु ज्या गोष्टीचा आपण निषेध करतो ती कशी होते, हे ठाऊक असावे, म्हणून आम्ही गोव्यास काजूच्या फेणीची भट्टी पाहावयास गेलो. हल्ली तेथील काही भट्टीवाले पाहुण्यांना काम दाखवितात, करू देतात आणि शेवटी चवही देतात.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. फेणीसाठी बोंड तोडावयाचे नसते. पिकून आपोआप गळलेलेच वेचावयाचे. बी पिळून वेगळी करतात आणि बोंडे कुंडीत टाकून पायांनी तुडवितात. आम्हीही धोतर खोचून उतरलो. पाच मिनिटांतच पोटऱ्या भरून आल्या. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने बांधून त्यावर दगड ठेवतात. त्यातून ठिबकणारा गोड रस म्हणजे नीरो. तो ताजा प्यावा. त्यात नशा नाही.

आंबविण्यासाठी रसात काही घालावे लागत नाही. हवेतले आणि फळावरचे किण्व सुमारे तीन दिवसांत साखरेचा मद्यार्क करते. मग तो रस भांड्यात उकळावयाचा. मद्यार्क पाण्याआधी उकळतो, नळीतून वाफ होऊन जातो आणि गार केलेल्या दुसऱ्या भांड्यात पुन्हा द्रव होतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक, सौम्य. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळला, की फेणी. तिच्यात शेकडा 42 च्या आसपास मद्यार्क असतो. ओतताना येणाऱ्या फेसावरून जुने लोक तिचा कस ओळखीत, आणि फेणी हे नावही त्या फेणावरूनच पडले असे सांगतात. चवीचे विचाराल, तर आम्ही जिभेला लावली एवढेच. वास मात्र दोन दिवस अंगरख्याला होता.

जपानची साके ही गाळलेली दारू नव्हे. तांदळात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून आधी कोजी नावाच्या बुरशीकडून पिष्टाची साखर करून घ्यावी लागते आणि मग ती आंबवितात. या विद्येला 2024 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा-पेय ठरविले.

आता आपल्या उत्तरेकडे पाहू. सातपुड्यात याच दिवसांत पहाटे मोहफुले गळतात. तीही वेचूनच घ्यावयाची, तीही साखरेने भरलेली, आणि गाळण्याची रीतही जवळजवळ तीच. पण 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारूबरोबर फुलांनाही बंधनात घातले. फुले गोळा करण्यावरची व नेण्यावरची बंधने महाराष्ट्राने 2021 मध्ये शिथिल केली. शेजारच्या मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन आलिराजपूरकडे आदिवासी बचत गटाच्या हाती तिचे उत्पादन दिले. विद्या एकच, सीमेच्या एका बाजूस तिला वारसा म्हणतात, दुसऱ्या बाजूस पोलीस मडकी फोडतात. व्यसनाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, हेही आम्ही नाकारीत नाही.

आपल्या बाजूस परवान्याविना दारू गाळणे आजही गुन्हाच आहे. म्हणून भट्टी पाहावयास आम्ही समुद्रापर्यंत गेलो. सातपुड्यात कोणाला विचारले नाही.