छावणीच्या हिशेबात नसलेली नोकरी

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, हे अभिमानाने सांगितले जाते. त्यांच्यामागे शेत, गुरे आणि पोरे ज्यांनी सांभाळली त्या बायकांची मोजदाद मात्र कुणी ठेवली नाही. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलत गेले, हे मान्य करायलाच हवे. १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली आणि बदलीबरोबर मुलांचा अभ्यासक्रम बदलण्याची कटकट मिटली. १९६६ मध्ये सैनिकपत्नींच्या कल्याणासाठी ‘आवा’ ही संघटना उभी राहिली. २००२ पासून फॅमिली क्वार्टर्स बांधण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. फौजी टपालाच्या ‘५६ एपीओ’ या पत्त्यावर आंतरदेशीय पत्र टाकून उत्तराची वाट पाहणारी पिढी मागे पडली, व्हिडिओ कॉल आला. पण या साठ वर्षांतल्या सोयी नीट पाहिल्या, तर त्या सगळ्या एका गृहीतकावर उभ्या दिसतात: बायको ही सोबत नेण्याची किंवा गावी ठेवण्याची व्यक्ती आहे. तिला स्वतःची नोकरी असेल, हे त्या हिशेबात नव्हतेच.

कागदावर ती कशी येते, ते बघा. लग्न झाले की जवान युनिटच्या क्लार्ककडे जातो, जोडीचा फोटो देतो आणि ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणजे अधिकृत नोंद निघते. मूल झाले की पुन्हा एक. तिचे नाव, जन्मतारीख, लग्नाचा दिवस, सगळे रेकॉर्डला लागते. माहेरच्या आणि सासरच्या नावात किंवा आधार कार्डावर एका अक्षराचा फरक निघाला, तर पेन्शनच्या वेळी ॲफिडेव्हिट करत फिरावे लागते. इतक्या काटेकोर नोंदीत तिच्या नोकरीवर मात्र काहीच ठरत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेला नवऱ्यामागोमाग राजस्थानात बदली मागता येत नाही. मग एक तर नोकरी सोडायची, नाहीतर संसार दोन ठिकाणी मांडायचा आणि वर्षाच्या ६० दिवसांच्या रजेत बारशापासून घराच्या गळतीपर्यंत सगळे उरकायचे. नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नेमण्याविषयी केंद्राच्या सूचना १९८६ पासून आहेत, पण त्यांचा खरा उपयोग दोघेही सरकारी सेवेत असतील तेव्हाच. माधुरी आणि राजीव कानिटकर हे दोघेही लेफ्टनंट जनरल झाले, हा दाखला हमखास दिला जातो. तो योग्यच आहे. फक्त त्या घरात दोघांच्याही नोकऱ्या फौजेच्याच वहीत होत्या, हे विसरू नये.

यावर पहिला आक्षेप असा की, सीमेवरची नेमणूक घरची सोय पाहून होत नसते. बरोबर, आणि तशी मागणीही नाही. फील्ड ते फील्डच. प्रश्न पीस स्टेशनचा, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीचा आहे. मुलांच्या दहावी-बारावीसाठी क्वार्टर ठेवू देणारी, घरच्या गंभीर अडचणीत बदली देणारी फौज कुटुंबाचा विचार करू शकते, हे तिनेच दाखवले आहे. बदलीची चाहूल चार महिने आधी मिळाली, तरी बायकोला नव्या गावात अर्ज करता येतो. दुसरा आक्षेप मुंबईच्या चाकरमान्यांचा: कोकणातल्या घरांनीही पिढ्यान् पिढ्या हेच सोसले की! सोसले, पण म्हणजे तिथेही घर बाईनेच चालवले, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय चाकरमान्याला गिरणी सोडून परत येता येत होते, जवानाला मधेच नाव काढता येत नाही. एकत्र कुटुंब आहे ना, असेही म्हणतात. ते आता पूर्वीसारखे उरलेले नाही, आणि होते तेव्हाही त्याचा भार सुनेच्याच कमरेवर होता.

१७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, घरच्या जबाबदाऱ्यांमुळे फौजेतल्या महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देणे कठीण, हा केंद्राचा युक्तिवाद फेटाळला. घर सांभाळणे हे बाईचेच काम, हे गृहीतक निदान गणवेशातल्या बाईपुरते तरी कोर्टात टिकले नाही. गणवेशाबाहेरच्या बाईचा प्रश्न मात्र उरतोच. तिचे काम राज्यांच्या हातात अधिक आहे: शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक अशा पदांवरच्या सैनिकपत्नींना सेवाज्येष्ठता राखून दुसऱ्या राज्यात काही वर्षे प्रतिनियुक्तीवर जाता येईल, असा करार राज्याराज्यांमध्ये होण्याला सीमेवरची कुठलीच अडचण आड येत नाही.