आरमचे पाणी आणि सूक्ष्म चाळणी

केळझर धरणातून उतरणाऱ्या आरम नदीच्या काठी वसलेल्या सटाण्याच्या मुलखात पाण्याचा बंदोबस्त ही जुनी विद्या आहे. शेजारच्या मोसम खोऱ्यातला बंधारा, पाट, पाटकरी आणि पाळी यांचा फडाचा, म्हणजे सामुदायिक सिंचनाचा, कारभार सरकारी कालव्यांच्या कितीतरी आधीचा. परंतु त्या कारभाराला चिंता होती ती पाण्याच्या वाट्याची, त्याच्या शुद्धतेची नव्हे. आणि नदी गढूळ होऊन येते तेव्हा वस्त्राने न अडणारे जे जंतू घराघरांत शिरतात, त्यांना रोखणारी चाळणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सिद्ध झाली आहे.

ज्या पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून कृत्रिम लोकर होते, त्याच बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, पटल म्हणजे ही चाळणी. बहुवारिक द्रावकात विरघळवून त्याचा पातळ थर काचेवर पसरावा आणि काच पाण्यात बुडवावी, की द्रावक बाहेर पडतो, पाणी आत शिरते, आणि घट्ट होणाऱ्या थराच्या माथ्यावर अतिसूक्ष्म छिद्रांची त्वचा धरते. ही युक्ती 1960च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सूरिराजन यांनी वेगळ्या बहुवारिकावर साधली होती. जिवाणू साधारण हजार नॅनोमीटरचा, कित्येक विषाणू शंभराहूनही लहान. छिद्रे त्याहून बारीक असली तरच विषाणूची वाट बंद होते.

खरी कटकट पुढेच आहे. बहुतेक बहुवारिकांना पाण्याचे प्रेम बेताचेच असल्यामुळे गाळातील सेंद्रिय द्रव्य त्यांना चिकटते, छिद्रे बुजतात आणि धार मंदावते. म्हणून संशोधक त्यांत टायटॅनियम डायऑक्साइडचे किंवा सिलिकाचे जलस्नेही नॅनोकण मिसळतात, कोणी जंतुनाशक चांदीचे. प्रमाण वाढले की कण गोळा होऊन पटलात दोष राहतो, आणि चांदी हळूहळू पाण्यात उतरते. सबब पहिल्या दिवशीच्या शुद्धतेपेक्षा वर्षभराच्या वापरानंतरचा हिशेबच मी अधिक विश्वसनीय मानतो. (2009 साली आलेल्या टाटा स्वच्छ या घरगुती जलशुद्धीकरण यंत्रामध्येही चांदीचे नॅनोकण होते, पण ते भाताच्या तुसाच्या राखेवर बसवलेले, ते पटल नव्हे.)

मात्र द्राक्ष, डाळिंब आणि कांद्याच्या शिवारातील विहिरीत खतांचा नायट्रेट उतरला असेल, तर तो विरघळलेला क्षार या छिद्रांतून बिनदिक्कत निघून जातो. त्यासाठी व्युत्क्रमी परासरण, म्हणजे आर.ओ., लागते, आणि घरगुती यंत्र पाण्याचा मोठा हिस्सा मोरीत सोडते. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्याला हा सौदा महागच. तेव्हा नदीच्या पाण्याला हे अतिगालनाचे, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशनचे, पटल बसवावे, आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना आधी प्रयोगशाळेत धाडून मगच यंत्राला पैसे मोजावेत.