निवाऱ्यातली कुत्री घरी आली तेव्हा

बुलडाण्यातल्या आमच्या घरी आम्ही प्राणी निवारा केंद्रातून एक कुत्री आणली, तेव्हा वस्तीतल्या एका ज्येष्ठ बांधवांनी थेट सवाल केला, "वकीलसाहेब, चवदार तळ्याचं पाणी कुत्र्यामांजरांना चालत होतं अन् आपल्याला नव्हतं, हे विसरलात काय?" विसरलो नाही. २० मार्च १९२७ आम्ही कसा विसरू? पण पाणी अडवणारी माणसे होती, जनावरे नव्हेत.

पहिले तीन दिवस ती बाजेखालून हलली नाही. दूध-भाकरी तशीच पडून राही. सगळे निजल्यावर गुपचूप खाई. कुणी काठी घेऊन अंगणात आले की भीतीने तिची लघवी सुटे. पोरांना आम्ही बजावले, तिला ओढून बाहेर काढू नका, उचलून घेऊ नका, जेवणाची वेळ नि जागा बदलू नका. तिसऱ्या आठवड्यात ती आपण होऊन पायाशी येऊन बसली. पुरते रुळायला दोन-तीन महिने लागतात. एवढा धीर नसलेले चार दिवसांत कुत्रे पुन्हा रस्त्यावर सोडतात!

दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाची मुभा दिली, पण दत्तक कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असेही बजावले. उपाशी-तहानेला तडफडेल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे तर १९६० च्या कायद्यानेच गुन्हा आहे.

ते ज्येष्ठ बांधव हल्ली येताना खिशात भाकरीचा तुकडा आणतात. ती शेपटी हलवते. त्यांच्या काठीकडे पाहून मात्र अजून दोन पावले मागे सरते.