भयकथेचे माध्यमांतर : अंतरंग आणि दृश्यवैभव

भयकथेवरून चित्रपट निघाला की मूळ कथेतील मनोव्यापार लोपला आणि दृश्यांचा थाट तेवढा उरला, असा आक्षेप बहुधा घेतला जातो. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या 'द शायनिंग' (१९८०) या चित्रपटाविषयी मूळ कादंबरीकार स्टीफन किंग यांनीही नाराजी व्यक्त केली होती. शब्द अंतरंग उलगडतो, दृश्य बहिरंगापाशी थांबते, हे या आक्षेपामागील गृहीतक होय. ते कितपत टिकते, हे राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या चित्रपटाने नाव घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून; कथाबीज मात्र नारायण धारप (१९२५-२००८) यांचे. विदर्भातील नागझिरा अभयारण्यात १९९३ मध्ये मित्राच्या तोंडून धारपांची कथा ऐकल्याचे बर्वे यांनी सांगितले आहे. चित्रपटातील म्हातारीचा धागा धारपांच्या 'आजी' या कथेशी आणि तिच्याद्वारे किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेशी जुळतो. म्हणजे येथे एक नव्हे, दोन रूपांतरे आहेत.

'ग्रॅमा'मध्ये घरात एकटा राहिलेला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी एवढाच ऐवज आहे. निवेदन मुलाच्या जाणिवेपुरते मर्यादित असल्याने भय घडते ते त्याच्या आठवणींतून आणि तर्कांतून. सेवेचे कर्तव्य आणि मनातील किळस यांचा झगडा हा त्या भयाचा गाभा.

'तुंबाड'मध्ये हा झगडा पूर्वार्धातच आटोपतो. साखळदंडातील म्हातारीला भरवावयाचे असताना विनायक तिला खजिन्याविषयी विचारतो. भीतीची जागा हाव घेते. ही हानी मान्य केलीच पाहिजे. परंतु पुढे दृश्यच मनाचा आलेख काढू लागते. प्रौढ विनायक परततो तेव्हा म्हातारीच्या देहातून झाड उगवलेले असते. रहस्याच्या मोबदल्यात तो तिला जाळून मुक्त करतो. अग्नी येथे सौद्याचा भाग आहे. अखेरीस शापित झालेला विनायक सुवर्णमुद्रांची थैली मुलापुढे धरतो. पांडुरंग ती नाकारतो आणि पित्याला अग्नी देतो. कृती तीच, पण पहिल्या अग्नीत व्यवहार आहे, दुसऱ्यात त्याग. दोन पिढ्यांच्या मनोवृत्तींतील हे अंतर कोणताही निवेदक सांगत नाही. पुनरावृत्त दृश्य ते सांगते.

बडनेरा-अमरावती परिसरातील वाचकाला गुप्तधनाच्या गोष्टी नव्या नाहीत. अशा गोष्टींत भयाचे केंद्र बहुधा धनाचा राखणदार असतो. 'तुंबाड'मध्ये ते धन मागणाऱ्याच्या मनात सरकते. हस्तर भुकेला आहे, विनायकही. हे साम्य डोळ्यांना दिसते म्हणूनच पटते.

तात्पर्य, मनोव्यापार आणि दृश्यवैभव हे परस्परविरोधी पक्ष नव्हेत. चित्रपटाने किती दाखविले यापेक्षा, दाखविलेल्या गोष्टीने पात्राच्या मनाविषयी काही नवे कळले काय, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो. पदव्युत्तर वर्गात कथा आणि चित्रपट समोरासमोर ठेवून हा निकष प्रसंगागणिक लावून पाहता येईल. त्या कसोटीवर काही दृश्ये पोकळ ठरतील, तशीच काही भयकथांतील लांबलचक मनोविश्लेषणेही.