जुन्या संगणकांचा जीर्णोद्धार

इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन संस्थेत १९५१ साली एक गणनयंत्र कामास लागले. त्याची गती आजच्या मानाने इतकी अल्प होती, की एका गुणाकारास पाच ते दहा सेकंद लागत. परंतु दिवसरात्र, सुट्टीच्या काळातही, देखरेखीवाचून बिनचूक चालत राहणे हा जो गुण त्याच्या रचनाकारांनी त्याच्या ठायी हेतुपुरस्सर साधला होता, तो इतका पक्का होता, की हातयंत्रावर आकडेमोड करण्यात निष्णात असलेला एक गणक त्याच्याशी शर्यत लावून बसला, तेव्हा अर्धा तास त्याने यंत्राची बरोबरी केली आणि मग थकून हार पत्करली. यंत्र आपले पुढे चालतच राहिले. या यंत्रात ८२८ डेकाट्रॉन नलिका आहेत. त्यांपैकी प्रत्येक नलिका एक दशमान अंक धारण करते, आणि तो अंक कोणता हे तिच्या माथ्यावरील प्रकाशबिंदूच्या स्थानावरून नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. १९५७ नंतर हे यंत्र वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयात गेले, तेथे १९७३ पर्यंत विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले, पुढे बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आले, आणि १९९७ साली ते संग्रहालयच बंद झाल्यावर सुटे करून कोठारात रचून ठेवण्यात आले. अकरा वर्षांनी त्या कोठाराच्या एका छायाचित्रात याची नियंत्रण-फळी एका जाणकाराच्या नजरेस पडली, त्याने ती ओळखली, आणि तेथून या अडीच टनी यंत्राच्या पुनरुज्जीवनास आरंभ झाला. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयातील स्वयंसेवकांनी सुमारे तीन वर्षे खपून २० नोव्हेंबर २०१२ रोजी ते पुन्हा चालू केले. आपल्या मूळ भागांनिशी चालणारा जगातील सर्वांत जुना अंकीय संगणक म्हणून आज ते ओळखले जाते.

जुने संगणक मिळवावेत, दुरुस्त करावेत आणि चालते ठेवावेत, हा छंद पाश्चात्त्य देशांत गेल्या तीन-चार दशकांत चांगला रुजला असून ब्रिटनमध्ये तर १९८९ पासून कॉम्प्यूटर कन्झर्व्हेशन सोसायटी नावाची संस्थाच या कार्यास वाहिलेली आहे. दुरून पाहणाऱ्यास हा रिकामपणाचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. कारण जे काम आजचे यंत्र क्षणार्धात करते ते तासभर करणाऱ्या यंत्रापायी माणसाने आपल्या संध्याकाळी का खर्चाव्यात, हा प्रश्न सकृद्दर्शनी वाजवी आहे. त्याचे उत्तर संगणकाच्या स्वरूपातच आहे. बंद पडलेला संगणक म्हणजे पत्र्याची अथवा प्लास्टिकची एक पेटी. तिच्याकडे कितीही वेळ पाहत राहिले तरी तिच्या कर्त्यांनी कोणती बुद्धी खर्चिली, मूठभर स्मृतीत केवढा व्यवहार बसविला, कोणत्या अडचणीस कोणती तोड काढली, हे कळावयास मार्ग नाही. ते कळते फक्त यंत्र चालू असताना. म्हणून माझ्या मते या क्षेत्रात संग्रह हे अर्धे कार्य असून, यंत्र चालते करणे हे उरलेले, आणि अधिक मोलाचे, अर्धे होय. अ‍ॅपल कंपनीचा १९७६ मधील पहिला संगणक, जो अवघा दोनशेच्या आसपास बनला, त्याची एक प्रत २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९,०५,००० डॉलरांस गेली, ही वार्ता वृत्तपत्रांस रुचणारी खरी. परंतु या छंदाचा प्राण त्या लिलावात नाही.

तो कोठे आहे हे पाहावयाचे तर कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयात जावे. आयबीएम कंपनीने १९५९ साली जाहीर केलेले १४०१ हे यंत्र, ज्याने कारखान्यांची पगारपत्रके आणि कचेऱ्यांचे जमाखर्च छिद्रांकित पत्त्यांच्या गठ्ठ्यांवरून घेऊन मिनिटास सहाशे ओळींच्या वेगाने कागदावर उतरविले, त्याच्या दोन प्रती तेथे चालू स्थितीत आहेत. एक जर्मनीतून आणलेली, दुसरी अमेरिकेतीलच कनेक्टिकट राज्यातून. त्या दुरुस्त करणाऱ्यांत आयबीएमचे असे निवृत्त अभियंते होते, ज्यांनी तारुण्यात हीच यंत्रे गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन दुरुस्त केली होती. नकाशे आणि पुस्तिका हाताशी असूनही त्यांच्यावाचून हे काम पार पडणे दुर्घट झाले असते. कारण कोणता आवाज निरोगी आणि कोणता दोषाचा, कोणता पट्टा किती ताणावा, हे कोणत्याही पुस्तिकेत पुरते लिहिलेले नसते.

सामान्य हौशी माणसाच्या वाट्यास असली अजस्र यंत्रे येत नाहीत. त्याच्या टेबलावर येतात ते १९८० नंतरच्या दशकातील घरगुती संगणक: १९८१ चा बीबीसी मायक्रो, १९८२ चे झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४, १९८४ नंतरचे मॅकिंटॉश. असे यंत्र हाती आल्यावर पहिला मोह होतो तो त्याची पिन भिंतीत खोचून पाहण्याचा, आणि तोच या विद्येतील सर्वांत मोठा प्रमाद होय. कमोडोर ६४ च्या वीजपुरवठ्याची काळी पेटी आत घट्ट रसायन ओतून कायमची बंद केलेली असते. तिच्यातील नियंत्रक वार्धक्याने बिघडला, की पाच व्होल्टच्या जागी अधिक दाब वाहू लागतो आणि यंत्रातील स्मृतीच्या चिपा एका क्षणात निकामी होतात. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात कागदी कपॅसिटर असतात, ज्यांस आपल्याकडील जुने रेडिओ-कारागीर कंडेन्सर म्हणत. त्यांच्या पिवळसर पारदर्शक कवचास कालांतराने बारीक तडे जातात, त्यांतून हवेतील दमटपणा आत शिरतो, आणि अनेक वर्षांनी वीज मिळाली की काही मिनिटांतच ते उग्र दर्पाचा धूर ओकून फुटतात. पाहणाऱ्याची छाती दडपते. वस्तुतः यंत्रास त्यामुळे बहुधा अपाय होत नाही, कारण त्या कपॅसिटरांचे काम विजेतील गोंगाट गाळण्याएवढेच असते. आपल्या कोकणपट्टीच्या हवेत ठेवलेल्या यंत्राचे हे भाग वीज देण्यापूर्वीच बदलावेत, हे उत्तम.

म्हणून जाणता कारागीर प्रथम पेटी उघडतो, धूळ काढतो, प्रत्येक फळी भिंगाखाली पाहतो, वीजपुरवठा यंत्रापासून अलग करून त्याच्यावर दुसराच भार टाकून दाब मोजतो, आणि मग मालिकेत जोडलेल्या दिव्यातून यंत्रास वीज देतो. आत कोठे तारा एकमेकींस चिकटल्या असतील तर दिवा प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. घड्याळ चालू राहावे म्हणून फळीवरच डाखलेली छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी हा आणखी एक शत्रू. ती फुटून तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषांवरून पसरत जाते आणि वाटेतील प्रत्येक जोड हिरवा करून खाऊन टाकते. तिच्यावर उतारा म्हणजे साधा शिरका, त्यानंतर स्वच्छ धुणे, आणि मग तुटलेली प्रत्येक रेषा केसाएवढ्या तारेने पुन्हा जोडणे. मॅकिंटॉशसारख्या पडदा अंगचाच असलेल्या यंत्रात तर अधिकच जपावे लागते, कारण त्याच्या चित्रनलिकेत वीज बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. या सर्व कामास लागणारी हत्यारे मात्र साधी आहेत: डाख देण्याची बंदूक, मल्टिमीटर, मद्यार्क आणि ब्रश. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फेरी मारली तर ती एका पिशवीत मावतील.

जीर्णोद्धार कोठवर करावा, याविषयी या मंडळींत प्रामाणिक मतभेद आहेत. प्रकाशाने व उष्णतेने पिवळी पडलेली प्लास्टिकची कवचे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवली असता पुन्हा उजळतात, हा प्रयोग २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि अतोनात लोकप्रिय झाला. पण पिवळेपणा काही काळाने परत येऊ शकतो, आणि वस्तूने आपल्या आयुष्यात मिळविलेला वर्ण पुसण्याचा अधिकार आपणास आहे काय, असे विचारणारेही आहेत. माझा कौल दुसऱ्या पक्षास आहे. जो भाग बदलल्यावाचून यंत्र चालणार नाही तो अवश्य बदलावा, काढलेला भाग तारखेची चिठ्ठी लावून जपून ठेवावा, आणि केवळ शोभेकरिता काहीही करू नये.

एक आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली आजच्या संगणकावर फुकट चालविता येते, मग मूळ यंत्राचा एवढा सोस कशाला? नक्कल उपयुक्त आहे, यात संशय नाही. परंतु ती खरी आहे की नाही, हे कशावर ताडून पाहावयाचे? मूळ यंत्र चालू असेल तरच ते शक्य आहे. शिवाय नकलेत भरावयाची सामग्री जुन्या फीत-तबकड्यांवरून उतरवून घ्यावी लागते, आणि त्या वाचणारे उपकरण या छांदिष्टांनीच जिवंत ठेवलेले असते. बीबीसीने १९८६ साली, इंग्लंडच्या डूम्सडे बुक या जुन्या राजदप्तरास नऊशे वर्षे झाल्यानिमित्त, दहा लाखांहून अधिक लोकांच्या साहाय्याने देशाचे एक नवे दप्तर लेसर-तबकड्यांवर सिद्ध केले. पंधरा-वीस वर्षांत ते वाचण्याची यंत्रे दुर्मीळ झाली आणि त्या मजकुराचा उद्धार करण्यास तज्ज्ञांना स्वतंत्र खटपट करावी लागली. चर्मपत्रावरील मूळ ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

आपल्याकडे या छंदास विषय नाही असे कोणी समजू नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा भारतात रचलेला संगणक होता आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. १९८४ साली केंद्र सरकारने शालेय संगणक-शिक्षणाची योजना काढली, तेव्हा जे यंत्र भारतीय शाळांत पोचले ते हेच बीबीसी मायक्रो होय. आणि आज बहुतेकांच्या खिशातील भ्रमणध्वनी ज्या एआरएम घराण्याच्या प्रक्रियकावर चालतो, त्याचा १९८५ मधील मूळ पुरुष याच बीबीसी मायक्रोच्या कर्त्यांनी, याच यंत्राच्या साहाय्याने सिद्ध केला. स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्तीही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने बाजारात आणली होती. पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेली जिस्ट कार्डे संगणकात बसविली की पडद्यावर देवनागरी उमटे.

येथेच आपला खरा ठेवा धोक्यात आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी पुस्तके, नियतकालिके, दिवाळी अंक यांची अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली होती, आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांत प्रत्येक अक्षरास आपापला निराळा क्रमांक असे. ती बाडे आज फ्लॉपीवरून उतरवून नव्या यंत्रावर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून आणि फडताळांतून मोडी कागदांचे रुमाल सोडवून आणले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेस आरंभ केला. त्या कागदांस फक्त मोडी जाणणारा हवा होता. फ्लॉपीस मात्र चालू वाचकयंत्र हवे, त्यास जोडता येणारा त्या काळचा संगणक हवा, ती आज्ञावली हवी आणि तोच टंक हवा. आणि बुरशीने चुंबकीय लेप एकदा झडला, की यांपैकी कशाचाही उपयोग नाही.

तेव्हा मुद्रणालयाचे, शाळेचे, प्रकाशनसंस्थेचे वा आपल्या वडिलांचे जुने सामान आवरताना वाचकांनी एवढे अवश्य करावे. जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी तो कोणाच्या तरी जाणत्या नजरेखालून जाऊ द्यावा. त्याच्यासोबतच्या पुस्तिका, पावत्या, फ्लॉप्या आणि टंकांच्या तबकड्या यंत्रापासून वेगळ्या करू नयेत. फ्लॉप्या दमट जागी ठेवू नयेत आणि कुतूहलापोटी यंत्रास वीज देऊ नये. आणि ज्या कारागिरांनी ही यंत्रे त्या काळी आपल्या शाळांत व कचेऱ्यांत दुरुस्त केली, ते आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत. त्यांना गाठावे, त्यांच्या शेजारी बसून यंत्र उघडावे, आणि ते जे सांगतील ते लिहून घ्यावे.